कोच ऑक्टोबरात गेला, पण खरा हिशेब डिसेंबरचा

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. विचारणारे गृहस्थ पुण्याचे, मुलगी पेन स्टेटला शिकते, आणि तिच्यामुळे सगळ्या घराला अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं वेड लागलंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पेन स्टेटचा संघ देशात दुसऱ्या क्रमांकावर होता. ऑक्टोबरच्या मध्यावर कोचला नारळ मिळाला, आणि डिसेंबरात शाळकरी पोरांच्या भरतीच्या दिवशी फक्त दोघांनी सह्या केल्या. ते विचारतात: "आता पाच वर्षं प्लेऑफचं, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीचं, नाव काढायचं नाही का? हंगामाच्या मध्येच, तेही एवढे पैसे मोजून माणूस काढण्यात कसलं शहाणपण? शब्द देऊन फिरलेल्या पोरांना काहीच कसं वाटत नाही? आणि नवा कोच स्वतःची पोरं घेऊन आला, त्यांना आपलं कसं म्हणायचं?"

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळची मिरजेची. ओहायोतल्या एका सरकारी हायस्कुलात गणित शिकवते आणि चौदा हंगाम शाळेच्या फुटबॉल संघाबरोबर आहे. सुरुवातीला आकडेवारी लिहायचे. मग हळूहळू रिक्रूटिंगचं सगळं काम अंगावर आलं: पोरांच्या खेळाच्या टेप कापायच्या, हडल या व्हिडिओंच्या वेबसाइटवर चढवायच्या, मार्कांचे कागद कॉलेजांना पाठवायचे, कॉलेजचे कोच शाळेत आले की रजिस्टरात सही घेऊन त्यांना बसवायचं आणि पोराला वर्गातून बोलवायचं. मोठ्या विद्यापीठांच्या बंद खोल्यांत मी बसत नाही. मला हा खेळ दुसऱ्या टोकाकडून दिसतो. सतरा वर्षांच्या ज्या पोराचा फोन रोज वाजायचा आणि एका रविवारपासून वाजेनासा होतो, ते माझं टोक.

तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण मला ते एकाच प्रश्नाचे चार कोपरे वाटतात. कोच चांगला की वाईट, पोरं इमानी की बेइमान, या वादात चाहते हंगाम घालवतात. खरी गोम कॅलेंडरात आहे. हे कॅलेंडर कुणी एका माणसाने बसून आखलेलं नाही, ते साचत गेलंय. २०२५ च्या हंगामातलं बघा. नोव्हेंबर संपता संपता नेहमीचे सामने संपले. ३ डिसेंबरला, बुधवारी, शाळेतल्या पोरांच्या सह्या. त्याच आठवड्याच्या शनिवारी कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटांच्या, अंतिम लढती, रविवारी प्लेऑफचे बारा संघ जाहीर. १९ डिसेंबरला प्लेऑफ सुरू. २ ते १६ जानेवारी ट्रान्सफर पोर्टल उघडं, म्हणजे कुठल्याही कॉलेजच्या खेळाडूला दुसरीकडे जायची मुभा. १९ जानेवारीला अंतिम सामना. आणि ज्यांना नवा कोच हवा, त्यांनी तो याच गर्दीत शोधायचा. लग्न, बारसं आणि वास्तुशांत एकाच मांडवात, आणि भटजी एकच!

आता कोच काढण्याचं घेऊ.

जेम्स फ्रँकलिन पेन स्टेटला २०१४ पासून होते आणि त्यांनी १०४ सामने जिंकले. २०२४ च्या हंगामात संघ प्लेऑफच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि नॉट्र डेमकडून २७-२४ असा हरला. हा काही टाकाऊ माणूस नव्हे. पण पहिल्या दहांतल्या संघांविरुद्ध त्यांचा हिशेब ४ विजय आणि २१ पराभव असा होता, आणि पेन स्टेटच्या माणसांच्या मनात हीच गाठ बसलेली. मग २७ सप्टेंबरला, पांढरे कपडे घालून आलेल्या लाखभर प्रेक्षकांसमोर, ओरेगनकडून जादा वेळेत ३०-२४ हार. पुढच्या शनिवारी तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून ४२-३७. त्याच्या पुढच्या शनिवारी घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून एका गुणाने, आणि त्याच सामन्यात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, ड्रू ॲलर हंगामभरासाठी जायबंदी. दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, फ्रँकलिन गेले. तीन पराभव हे निमित्त. कारण त्या ४-२१ मध्ये होतं.

ऑक्टोबरातच का, हे विचारताना कॅलेंडर समोर ठेवा. जायचाच आहे तो कोच नोव्हेंबरअखेर काढला तर सह्यांच्या दिवसाला चार-पाच दिवस उरतात. ऑक्टोबरात काढला तर सात आठवडे मिळतात. म्हणजे विद्यापीठ पैसे देऊन वेळ विकत घेतं. लुइझियाना स्टेटने (एलएसयू) ब्रायन केली यांना आणि फ्लोरिडाने बिली नेपियर यांना त्याच ऑक्टोबरात काढलं, ते याच हिशेबाने. त्यामुळे पेन स्टेटचा ऑक्टोबरातला निर्णय मला वेडेपणाचा वाटत नाही. कठोर होता, पण त्यामागे विचार होता. चूक झाली ती पुढे. सात आठवडे हातात असूनही ३ डिसेंबर उजाडला तेव्हा पेन स्टेटला कोच नव्हता. नवे कोच म्हणून मॅट कॅम्पबेल यांचं नाव पक्कं झालं ते सह्यांनंतर. विकत घेतलेला वेळ वापरलाच नाही. आणि मधल्या काळात, नोव्हेंबरच्या मध्यावर, फ्रँकलिन व्हर्जिनिया टेकला रुजू झाले. फोनबुक तेच, घरं तीच. तुमच्या मांडवात वाढपी नाही, आणि तुमचाच जुना वाढपी शेजारच्या मांडवात पानं मांडून हाका मारतोय. पाहुणे कुठे जाणार?

पैशाचं म्हणाल, तर बातमीतला ४ कोटी ९० लाख डॉलरचा आकडा ऐकून माझ्या मिरजेच्या भावानेही फोन केला होता. रुपयांत तो चारशे कोटींच्या वर जातो. पण अशा करारांत बहुधा एक कलम असतं: काढलेल्या माणसाने दुसरी नोकरी शोधायची, आणि तिथला पगार या देण्यातून वजा होतो. फ्रँकलिन व्हर्जिनिया टेकला गेले आणि प्रकरण ९० लाखांवर मिटलं. तेही थोडं नाही, पण ४९० आणि ९० यांत फरक आहे. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमने जिंबो फिशर यांना काढलं, त्या करारात अशी वजावट नव्हती. तिथे साडेसात कोटींहून जास्त डॉलरचं देणं अंगावर आलं. म्हणून पुढच्या वेळी असा आकडा वाचलात की त्यामागचं कलम बघा, मग कपाळाला हात लावा.

थांबण्यातही शहाणपण असू शकतं, हे मी माझ्याच गावात पाहिलं. ३० नोव्हेंबर २०२४, ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन. मिशिगनचा संघ त्या वर्षी पहिल्या पंचविसांतही नव्हता, तरी कोलंबसमध्ये येऊन १३-१० जिंकून गेला. सलग चौथ्या वर्षी. सोमवारी आमच्या स्टाफरूममध्ये 'कोच रायन डे यांना हाकला' याशिवाय विषय नव्हता. रसायनशास्त्राच्या बाई, ज्या एरवी मुंगीलाही दुखवत नाहीत, त्या सुद्धा हाकला म्हणत होत्या. विद्यापीठाने कान बंद ठेवले. ५१ दिवसांनी त्याच डे यांच्या संघाने नॉट्र डेमला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. जुन्या चार संघांच्या प्लेऑफमध्ये ही संधीच मिळाली नसती. बारा संघांमुळे एका वाईट शनिवारची किंमत कमी झाली, आणि त्याचबरोबर 'अजून आशा आहे' म्हणत थांबायचे आठवडे वाढले. कोच काढणाऱ्याची अडचण त्यामुळे वाढलीच आहे.

आता तुमच्या ज्या प्रश्नात मला राग दिसला त्याकडे येते. शब्द देऊन फिरलेली पोरं.

'कमिट झाला' हा शब्द फसवा आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ती सुपारी फुटते, अक्षता पडत नाहीत. पोरगा सतराव्या वर्षी टोपी घालून 'मी अमुक विद्यापीठात जाणार' असं जाहीर करतो, घरचे रडतात, फोटो निघतात. पण कायद्याने ना पोरगा बांधलेला, ना विद्यापीठ. बांधिलकी येते ती डिसेंबरातल्या सहीने. पूर्वी त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरचं एक इरादापत्र असायचं. २०२४ च्या ऑक्टोबरात ते बंद झालं आणि आता शिष्यवृत्तीच्या करारावरच सही होते. आणि हे लक्षात ठेवा की तोंडी शब्द फिरवण्याची मुभा दोन्ही बाजूंना आहे. विद्यापीठं ती वापरतात, फक्त त्याची बातमी होत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे एक पोरगा होता, ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पुढच्या फळीतला. धिप्पाड, शांत, बीजगणितात कच्चा पण वह्या स्वच्छ. जूनमध्ये त्याने एका विद्यापीठाला शब्द दिला. नाव सांगत नाही. ऑक्टोबरात तिथला मुख्य कोच गेला. पोराची आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची. सकाळी सात वाजता, ड्यूटी संपवून, ती थेट माझ्या वर्गात आली. काय करायचं, म्हणाली. मी म्हटलं, थांबा. आपण शब्द दिलाय, विद्यापीठाने तर काही नाकारलेलं नाही. त्या आठवड्यात आणखी दोन कॉलेजांचे फोन आले होते. पोराने माझ्या सांगण्यावरून त्यांना नम्रपणे नकार दिला.

नोव्हेंबरअखेर नवा कोच आला. दहा दिवस फोन नाही. मग लाइनच्या नव्या कोचचा निरोप आला: आम्ही यंदा पोर्टलमधून अनुभवी मुलं घेतोय, तू ये, पण शिष्यवृत्तीशिवाय, स्वखर्चाने. तोवर त्या दोन कॉलेजांच्या जागा भरल्या होत्या. पोरगा शेवटी एका छोट्या, दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात अर्ध्या शिष्यवृत्तीवर गेला. माझा सल्ला चुकला आणि त्याची किंमत त्या घराने मोजली. मला तेव्हा शब्द पाळणं म्हणजे संस्कार वाटत होते. समोर शब्द झेलायला माणूसच उरलेला नाही, हे मी बघितलंच नाही.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. कोच गेला की त्याच दिवशी पोराला सांगते, कुणालाही नाही म्हणू नकोस. दर सोमवारी विद्यापीठाला आपण फोन करायचा, कुणाशी काय बोलणं झालं ते तारखेसकट वहीत लिहायचं. मुख्य कोच कोण येणार यापेक्षा तुला रोज मैदानावर शिकवणारा माणूस राहणार का, हे विचारायचं. आणि एक प्रश्न सरळ टाकायचा: "मला आज सही करायची असेल तर तुम्ही घ्याल का?" या प्रश्नाला जो अडखळला, त्याची ऑफर कागदावरच आहे असं समजायचं. गेल्या काही वर्षांत हा प्रश्न विचारल्यावर तीन वेळा समोरचा माणूस गप्प झालेला मी स्वतः ऐकलाय.

म्हणून पेन स्टेटच्या त्या पोरांवर रागावू नका. त्यांनी शब्द दिला तो फ्रँकलिन यांना आणि त्यांच्या माणसांना. ते गेले. जागेवर दुसरं कोणी आलं नाही. सह्यांचा दिवस तर ठरलेला. त्यांच्या आईबापांनी माझ्यासारख्या कुणाला विचारलं असेल, आणि त्या कुणीतरी माझी चूक केली नाही, एवढंच.

लेन किफिन यांचं प्रकरणही याच गर्दीतलं. ओल मिसचा संघ ११-१, प्लेऑफ जवळपास हातात, आणि ३० नोव्हेंबरला कोच एलएसयूला निघाले. लोकांनी त्यांना पळपुटा म्हटलं. मीही म्हटलं असतं, पण तारीख बघा: सह्या तीन दिवसांवर. एलएसयूला माणूस त्याच आठवड्यात हवा होता. किफिन यांना प्लेऑफपर्यंत ओल मिसलाच राहायचं होतं, विद्यापीठाने नाही म्हटलं. पीट गोल्डिंग यांच्या हाती संघ दिला. त्यांनी टुलेनला हरवलं, जॉर्जियाला हरवलं, आणि उपांत्य सामन्यात मायामीकडून ३१-२७ असे हरले. टुलेनचे जॉन समरॉल मात्र फ्लोरिडाची नोकरी पत्करूनही प्लेऑफला आपल्या जुन्या संघाबरोबर उभे राहिले. दोन विद्यापीठांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं काढली, आणि दोन्ही त्यांच्या त्यांच्या जागी पटण्यासारखी आहेत.

इथवरचं दोन वाक्यांत: काढणं चुकलं नाही, नवा माणूस वेळेत आणणं चुकलं. पोरं फिरली नाहीत, त्यांच्या पायाखालची सतरंजी आधीच ओढली गेली होती.

आता पाच वर्षांचं. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, पण पूर्वीइतकं नाही.

दहा वर्षांपूर्वी तुम्ही हे विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, हो, भरतीचं एक वर्ष बुडालं की तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याची झळ लागते. तेव्हा खेळाडू दुसऱ्या कॉलेजात गेला तर त्याला साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ पासून एकदा बदलायची मोकळीक आली, २०२४ पासून ती मर्यादाही गेली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. आणि कोर्टातल्या एका तडजोडीमुळे १ जुलै २०२५ पासून विद्यापीठ स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतं; सगळ्या खेळांच्या खेळाडूंना मिळून पहिल्या वर्षाची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर होती. त्यातला मोठा वाटा फुटबॉल खातो. त्याच तडजोडीत ८५ शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा जाऊन संघात एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली. याचा अर्थ, डिसेंबरात रिकामी राहिलेली पंगत जानेवारीत भरता येते. फक्त पाहुणे सतरा वर्षांचे नसतात, एकवीस-बावीसचे असतात.

इंडियानाचं उदाहरण तुमच्या मुलीने तुम्हाला सांगितलंच असेल. हरण्यात देशात अव्वल म्हणावं असा त्यांचा इतिहास. २०२३ मध्ये ३-९. मग कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले. २०२४ मध्ये ११-२, आणि २०२५ मध्ये १६-०: उपांत्यपूर्व सामन्यात अलाबामाला ३८-३, उपांत्य सामन्यात ओरेगनला ५६-२२, आणि अंतिम सामन्यात मायामीला त्यांच्याच शहरात २७-२१. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियाहून बदली होऊन आलेला, लहानाचा मोठा झाला तो मायामीतच. बड एलियट नावाच्या पत्रकाराने एक मोजमाप लोकप्रिय केलंय: गेल्या चार वर्षांत शाळेतून घेतलेल्या पोरांपैकी निम्म्याहून जास्त पोरांना भरतीच्या क्रमवारीत चार-पाच तारे मिळालेले असतील तरच संघ विजेता होतो. कित्येक वर्षं ते खरं ठरत आलं. इंडियानाने ते मोडलं.

पण हे बघून 'दोन वर्षांत आपणही' असं म्हणायची घाई नको. सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून आले ते एकटे नाही आले. सोबत त्यांचे सहायक आले आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेली दहाएक पोरं आली. त्यांना नवी भाषा शिकायची नव्हती. आमच्याकडे नवा कोच आला की पहिलं वर्ष नुसतं शब्द शिकण्यात जातं. ज्या खेळीला जुना कोच 'रिप' म्हणायचा तिला नवा 'रेंजर' म्हणतो, आणि पोरगा अर्ध्या सेकंदाने उशिरा हलतो. तेवढ्यात क्वार्टरबॅक पडलेला असतो.

कॅम्पबेल यांच्याकडे मी म्हणून आशेने बघते. तेही आयोवा स्टेटहून एकटे आलेले नाहीत. तीन हंगाम तिथला मुख्य क्वार्टरबॅक असलेला रॉको बेक्ट त्यांच्यामागे आला, आणखीही बरेच आले. शिवाय माणूस आमच्या ओहायोचा, मॅसिलनचा. त्या गावात जन्मलेल्या मुलाच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवतात, ही थट्टा नाही, रीत आहे. ते खेळले ते माउंट युनियनसारख्या लहान कॉलेजात. आयोवा स्टेटला त्यांच्याकडे ताऱ्यांची पोरं कधीच फार नव्हती, तरी २०२४ मध्ये त्यांनी ११ सामने जिंकले, जे त्या विद्यापीठाने आधी कधीच केलं नव्हतं. म्हणजे कमी ताऱ्यांच्या पोरांना चौथ्या वर्षापर्यंत घडवणारा कोच. फ्रँकलिन यांचा हात घरांत जाऊन मनं जिंकण्यात होता, यांचा मैदानावर. पेन स्टेटच्या पैशाला हा हात मानवतो का, हे बघण्यासारखं आहे.

आणखी एक. ८ नोव्हेंबरला, कोच नसलेल्या आणि मोडला म्हणून सोडून दिलेल्या तुमच्या पेन स्टेटने त्याच इंडियानाला जवळपास हरवलं होतं. २७-२४. शेवटच्या मिनिटात इंडियानाच्या ओमर कूपरचा चवडा मैदानाच्या रेषेच्या आत टेकला म्हणून. विजेत्या संघापासून तुम्ही एका चवड्याइतके लांब होतात. घरात जे सामान उरलं होतं ते भंगार नव्हतं.

माझा अंदाज विचाराल तर २०२६ मध्ये आठ-नऊ विजय मिळाले तर मी खूश होईन, आणि प्लेऑफची धाकधूक २०२७ साठी ठेवीन. पाच वर्षं नक्कीच नाहीत. हा अंदाज बदलू शकेल अशा दोन गोष्टी: बेक्ट धडधाकट राहिला नाही तर खाली, आणि ऑफेन्सिव्ह लाइन लवकर जुळली तर वर.

प्लेऑफचं गणित तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या नोव्हेंबरात विचारालच, म्हणून आत्ताच. बारा जागा. त्यांतल्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांच्या, उरलेल्या सात तेरा जणांची समिती ठरवते. समिती म्हटली की आपल्याला जी शंका येते ती इथेही लागू. २०२३ मध्ये चार संघांच्या प्लेऑफमध्ये फ्लोरिडा स्टेट १३-० असूनही बाहेर राहिला, कारण त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी होता. २०२५ मध्ये नॉट्र डेमने पहिले दोन सामने मिळून चार गुणांनी गमावले, मग सलग दहा जिंकले, आणि बाहेर. मायामीही १०-२, पण त्यांनी नॉट्र डेमला पहिल्याच सामन्यात हरवलेलं, म्हणून आत. अलाबामा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात २८-७ असा मार खाऊनही आत. पेन स्टेटच्या बिग टेन कॉन्फरन्समधल्या संघासाठी माझा साधा ठोकताळा असा: ११-१ असाल तर शांत झोपा, १०-२ असाल तर कुणाकडून हरलात आणि त्या संघाचं पुढे काय झालं ते बघा, ९-३ असाल तर रविवारी जाहीर होताना टीव्ही लावू नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि मला तोच सगळ्यांत खरा वाटला. आयोवाहून आलेली पोरं आपली कशी? माझ्याकडे याचं गोड उत्तर नाही. शाळेच्या टोकावरून बघता मला या बदलाचा त्रास होतो. कॉलेजचा कोच बाविशीचा तयार गडी घेतो तेव्हा माझ्या एका सतरा वर्षांच्या पोराची जागा जाते, आणि माझ्या रजिस्टरातल्या सह्या खरंच कमी झाल्या आहेत. पण बेक्टने चूक काय केली? ज्याच्या हाताखाली शिकला त्याच्यामागे गेला. तुमची मुलगीही पुण्याहून तिथे गेलीच की, आणि आज ती 'वी आर' ही पेन स्टेटची घोषणा ओरडते तेव्हा तिला कुणी विचारत नाही तू कुठली.

धागा पूर्ण तुटलेलाही नाही. त्या वाईट सात आठवड्यांत संघ सांभाळला तो टेरी स्मिथ यांनी, पेन स्टेटचेच जुने खेळाडू. पोरांनी त्यांनाच कोच करा म्हणून मैदानावर फलक धरले होते. कॅम्पबेल यांनी त्यांना आपल्याबरोबर ठेवून घेतलं. नवीन सासरी आलेल्या माणसाने घरातल्या जाणत्याला विचारून स्वयंपाकघराचे डबे लावावेत, तसं.

मुलीला एक काम सांगा. पहिल्या सामन्याला जाईल तेव्हा चेंडूपाठी न धावता ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये सुरुवात करणाऱ्या पाच जणांचे नंबर लिहून घेऊ दे. टॅकल, गार्ड, सेंटर, गार्ड, टॅकल, याच क्रमाने. सहाव्या सामन्याला परत लिहू दे. तेच पाच, त्याच जागांवर दिसले तर मला कळवा, मी माझा आठ-नऊचा अंदाज तेव्हा दुरुस्त करून देईन.